निर्मलताईंचा उघडा कॉम्प्युटर

डॉक्टर निर्मला वझलवार यांच्या दवाखान्यात कामाला लागेपर्यंत माझी अशी समजूत होती की कॉम्प्युटर ही विकत आणायची वस्तू आहे. दुकानात जावं, खोकं घरी आणावं, वायर खोचावी आणि कामाला लागावं. बरीच शहाणी माणसं असंच करतात. निर्मलताईंच्या लेखी मात्र असं करणारा माणूस एक तर आळशी असायचा, नाहीतर अडाणी, आणि माझी गणना त्यांनी पहिल्याच दिवशी दोन्हींत केली.

नवऱ्याला नव्या रायपुरातल्या एका संस्थेत नोकरी लागली म्हणून आम्ही नाशिक सोडून इथे आलो. मी दातांची डॉक्टर. ओळखीतून कळलं, की चौबे कॉलनीत एक मराठी बाई दवाखाना चालवतात आणि त्यांना जोडीला कुणीतरी हवं आहे. वझलवारांचं घराणं नागपूरच्या भोसल्यांच्या अमलापासून इथलं. खाली दवाखाना, वरच्या मजल्यावर त्या एकट्या. साठी ओलांडलेल्या, उंच, केस आखूड कापलेले, सुती साडीवर पांढरा कोट. मी दारात उभी राहिले तेव्हा मे महिना होता. बाहेर लूचा भाजणारा वारा वाहत होता. बाकावर पेशंट गाल धरून घामाघूम बसले होते, आणि बाहेरच्या खोलीतला एकुलता एक टेबलफॅन रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर रोखून ठेवलेला होता. कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू सताड उघडी. आतली हिरवी पाटी, वायरींचा गुंता, गरगर फिरणारे छोटे पंखे, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं.

“पंखा पेशंटकडे वळवू का?” मी विचारलं.

“काहून? पेशंटले घाम येते, तो आपोआप थंड होते. याले घाम येते का?”

मी पंखा होता तसाच राहू दिला. पुढची कित्येक वर्षं तो तसाच राहिला.

तो कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जोडला होता. त्याच्या आधीचाही, आणि वर घरात होता तोही. दुकानातून एकेक भाग निवडून आणायचा आणि तो आपल्या हाताने बसवायचा. कॉम्प्युटर असाच करायचा असतो, यावर त्यांची श्रद्धा होती. “तयार कॉम्प्युटर घेणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाची कवळी लावणं,” असं त्या म्हणायच्या. “दिसते छान. भाकर चावून पाह्य.” दुसरं एक वाक्य होतं, ते त्या खास माझ्या लॅपटॉपकडे बघून म्हणत: “आत काय आहे ते ज्याले माहीत नाही, तो मालक नाही, किरायेदार आहे.”

हे सगळं त्या मला सांगायच्या तोवर ठीक होतं. पण त्या पेशंटलाही सांगायच्या. पेशंट खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, जीभ बधिर. ताई वरून वाकून दाढ कोरता कोरता मदरबोर्ड आणि रॅमचं नातं समजावत. पेशंटने कळवळून “आँ” केलं की ताईंना वाटायचं त्याला पटलं. एका प्राध्यापकांनी मला हळूच विचारलं होतं, “मैडम, दाँत में कम्प्यूटर वाला कुछ लगा तो नहीं दिया ना?”

दवाखान्यातली हत्यारं कुठे कुठे वापरली जायची हे आठवलं तरी मला आजही कसंतरी होतं. सिमेंट कालवायच्या चपट्या सळईने त्या प्रोसेसरवर, तो तापू नये म्हणून लावतात ती पेस्ट लावायच्या. दातांवर हवेचा फवारा मारायची नळी कॉम्प्युटरमधली धूळ उडवायला. ती सळई आणि नळीची टोकं त्यांनी त्यासाठी वेगळी ठेवलेली असायची हे खरं, पण ते पेशंटला कुठे माहीत? एकदा एका बाईंनी त्यांना तोंडात घालायचा छोटा आरसा डब्याच्या आत घालून काहीतरी निरखताना बघितलं, आणि बाई चपला घालून निघूनच गेल्या. मी ताईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “जाऊ दे. तिच्या दाताले काही झालंच नव्हतं.”

हे वेड कुठून आलं, ते दुलारीकडून कळलं. दुलारी आमची रिसेप्शनवरची बाई, तिथे माझ्यापेक्षा कितीतरी जुनी. ताईंचे यजमान सरकारी खात्यात इंजिनीअर होते. घरात पहिला कॉम्प्युटर त्यांनी आणला, झाकण घालून ठेवला आणि ताईंना सांगितलं, “याले हात नको लावू. तुले नाही समजणार.” पुढे त्यांची अंबिकापूरला बदली झाली. ते गेले त्याच आठवड्यात ताईंनी कॉम्प्युटर टेबलावर आडवा घातला आणि पार मोकळा केला. सुट्टीला साहेब आले तेव्हा पलंगावरच्या चादरीवर सगळे भाग ओळीने मांडलेले होते.

“फेर साहब बहुत चिल्लाइन,” दुलारी तोंडाला पदर लावून हसत होती.

“मग जोडला का परत?”

“हव. जोड़िन तो सही. फेर चालू नइ होइस.”

तो काही पुन्हा चालू झाला नाही. साहेबांनी नवा आणायचं नाव काढलं, तेव्हा ताई म्हणाल्या, मी आणीन. आणि आणला तो सुटा सुटा, पिशव्यांतून. साहेब वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण मला वाटतं, ताई अजूनही त्यांच्याशीच भांडत होत्या, आणि त्यात आमचे पेशंट भरडले जात होते.

कारण ताईंचे कॉम्प्युटर बंद पडायचे. वारंवार पडायचे. कधी रॅम सैल, कधी पंखा अडकला, कधी रायपूरची धूळ. बिघाड काय ते त्या शोधून काढायच्या, नाही असं नाही. पण बाहेर पेशंट खोळंबलेले असताना डॉक्टर टेबलाखाली बसकण मारून बसलेली आहे, हे दृश्य मला सहन व्हायचं नाही.

एका हिवाळ्यात एक्स-रेचा कॉम्प्युटर कायमचा गेला. आमच्याकडे दाताचा एक्स-रे थेट पडद्यावर उमटतो, म्हणजे कॉम्प्युटर नाही तर एक्स-रे नाही, आणि एक्स-रे नाही तर रूट कॅनाल अंधारात. मी म्हटलं, “ताई, आज संध्याकाळी नवा आणू या. तयार.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पेशंटला झाडपाला द्यायला सांगत होते.

मग सुरू झाली खरेदी. मला त्या बरोबर घेऊन जायच्या, का ते त्यांनाच ठाऊक. एका दुकानात त्यांनी प्रत्येक कॅबिनेटवर बोटाच्या पेरांनी टकटक करून पाहिलं. दुकानदार म्हणाला, “मैडम, ये घड़ा थोड़ी है.” ताई म्हणाल्या, “घड़ा होता तो ले लेती.” पत्रा पातळ म्हणून कॅबिनेट नापास. पुढच्या रविवारी दुसरं दुकान. तिथला पंखा आवाज करतो म्हणून नापास. शेवटी कॅबिनेट मिळालं तर त्याची जाळी पसंत पडेना. तेव्हा त्या मला गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात घेऊन गेल्या आणि मैद्याची चाळणी मागितली. भांडेवाला एकेक चाळणी दाखवतोय, ताई ती उजेडाकडे धरून भोकं बघतायत, आणि मी मागे उभी राहून विचार करतेय की नाशिकला माझ्या मैत्रिणी आता काय करत असतील.

“धूळ नाही जाणार आत,” त्या खूश होऊन म्हणाल्या. “तुह्या त्या तयारवाल्यात अशी जाळी भेटते का सांग.”

“नाही भेटत.”

“मग!”

तोपर्यंत आमचे पेशंट एक्स-रे काढायला दुसऱ्या दवाखान्यात जात होते. त्यातले काही तिथलेच झाले. मी तक्रार केली तर ताई म्हणायच्या, “चांगलं काम बसून होते, उभ्याउभ्या नाही होत.” शेवटी तो कॉम्प्युटर तयार झाला आणि, खरं सांगायला हवं, सुंदर चालला. दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर त्याला काय झालं देव जाणे, एक्स-रे काढता काढता मध्येच तो विझायचा. पेशंट तोंडात पट्टी धरून बसलेला आणि पडदा काळा.

तेव्हा मात्र माझा धीर संपला. ताई भाचीच्या लग्नाला बिलासपूरला गेल्या होत्या. मी दुकानात गेले आणि पडद्याच्या पाठीतच सगळं बसवलेला एक तयार कॉम्प्युटर विकत आणला. दुकानातल्या माणसानेच येऊन लावून दिला. दुपारच्या पहिल्या पेशंटचा एक्स-रे लख्ख उमटला. दुलारीने हात जोडले. मी पुढे होणाऱ्या भांडणाची तयारी करून ठेवली, अगदी वाक्यं सुद्धा घोकली.

ताई परत आल्या. त्यांनी नव्या यंत्राभोवती एक चक्कर मारली. मागे वाकून पाहिलं, खाली वाकून पाहिलं.

“याले तर एक स्क्रूही नाही बाहेरून,” एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

भांडण झालंच नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मी वाट पाहू लागले, की आता हा बिघडेल आणि त्या मला सुनावतील. पण तो बिघडला नाही. त्या उन्हाळ्यात नाही, पावसाळ्यात नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आजही तो चालतो आहे. मी एकदा न राहवून म्हटलं, “ताई, बघा, चालतोय ना?”

“चालते. मी कुठे म्हटलं चालत नाही?”

म्हणजे हरल्याचं मान्य करणंसुद्धा नाही.

आणि त्यांचा तो चाळणीवाला खटारा? तो त्यांनी मागच्या छोट्या खोलीत नेला. आता त्याचं काही काम उरलं नव्हतं. तरी रोज सकाळी त्या आधी त्या खोलीत जायच्या, दार लोटायच्या आणि तो उघडून बसायच्या. चिमटीत मावेल एवढे बारीक स्क्रू काढायचे, रॅमची पट्टी उपसायची, परत बसवायची, स्क्रू परत लावायचे. पेशंट येऊन बसले तरी आतलं चालूच. कधी त्या हसत बाहेर येत आणि सटासट पेशंट बघत. कधी तोंड पाडून येत आणि म्हणत, “मीनल, आजचे रूट कॅनाल तू कर. मी तपासणीचे पाहते.” असे दिवस वाढत चालले. अवघड दाढा माझ्या वाट्याला, मान माझी मोडते आहे, आणि बाईसाहेब आत डब्याशी खेळतायत. घरी येऊन मी नवऱ्यापाशी तणतणायची. तो म्हणायचा, नोकरी सोड. मी म्हणायची, सोडतेच.

मग साहूजींचा प्रसंग झाला.

साहूजी म्हणजे गुढियारीचे धान्याचे व्यापारी. देह दांडगा आणि सुईला घाबरणारे. त्यांच्या अख्ख्या कुटुंबाचे दात ताईंनी पाहिलेले. अक्कलदाढ सुजली होती. फक्त बड्या मॅडमच्याच हातून काढून घेईन, या अटीवर ते ठरवून आले होते, बरोबर बायको आणि थोरला भाऊ. ताई आतल्या खोलीत होत्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि साहूजींकडे न बघता मला म्हणाल्या, “मीनल, यांची दाढ तू काढ.”

“हम तो आपसे निकलवाएँगे,” साहूजी म्हणाले.

“आज मी नाही काढत.”

“तो कल आ जाते हैं.”

“कल का भी पता नहीं,” ताई म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या.

साहूजी उठले. सुजलेला गाल धरून, “बीस साल का व्यवहार है, ऐसा थोड़ी करते हैं” असं काहीतरी बोलत सगळे बाहेर पडले. बाकावरचे बाकीचे पेशंट माझ्याकडे बघायला लागले. मी तशीच मागच्या खोलीत शिरले.

“ताई, तुम्हाला या डबड्याशी खेळायला वेळ आहे आणि पेशंटसाठी नाही? ते चिडून गेले! त्यांचा जबडा सुजलाय, आणि तुम्ही इथे स्क्रू काढताय, स्क्रू लावताय! कशासाठी? हा बंद पडलेला कॉम्प्युटर कुणाला हवा आहे?”

“दार लाव,” त्या म्हणाल्या.

मी दार लावलं.

त्यांनी टेबलावरचा एक स्क्रू पेचकसाच्या टोकावर धरला आणि कॅबिनेटच्या भोकाकडे नेला. स्क्रू भोकाजवळ गेला आणि भोकाच्या भोवती फिरायला लागला. उष्ट्या बशीभोवती माशी फिरते तसा. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं. तरी फिरत राहिला. मग तो टेबलावर पडला आणि तिथेच गोल फिरून थांबला.

“पाहिलं?” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी मी हे लावून पाहते. लागलं, तर पेशंटच्या तोंडात हात घालते. नाही लागलं, तर तुले सांगते. आज नाही लागलं.”

त्यांनी स्क्रू बोटाने दूर सारला. “इथं चुकलं तर काय होते? पट्टी वाकते. दुसरी आणता येते. साहूजीच्या जबड्यात कुठून आणू दुसरी नस?”

“केव्हापासून आहे हे?”

“तू यायच्या आधीपासून थोडं थोडं होतं. नाहीतर तुले कायले ठेवलं असतं मी?”

मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. “मग सांगायचं नाही का मला? इतकी वर्षं मी तुमच्यावर चिडत राहिले!”

“तू ते तयार मशीन आणलं, तेव्हा मले विचारलं होतं का?”

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गहिवरला, म्हणाला, म्हणून त्या ते सारखं उघडत होत्या तर. मी म्हटलं, नाही रे बाबा. हात कापायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून त्या ते उघडतायत. कारण त्यांना मागाहून मिळालं, खोड मूळचीच.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझ्यासमोर साहूजींना फोन लावला. “साहूजी, मेरा हाथ काँपता है. मैं निकालूँगी तो दाढ़ के साथ और भी कुछ आएगा. छोटी मैडम से निकलवा लो, मैं बाजू में खड़ी रहती हूँ.” साहूजी आले. निमूट खुर्चीत पडले. मी दाढ काढत होते आणि ताई उशाशी उभ्या राहून, “थोडं बाहेर झुकव, अजून, अजून, घाई नको करू बापा,” करत होत्या. दाढ निघाली ती माझ्या हातून, पण साहूजी पाया पडले ते ताईंच्या.

त्यानंतर ताईंनी ड्रिल हातात घेतलं नाही. कुणाला भाषण दिलं नाही, निरोपाचा पेढा नाही. फक्त आपला चष्मा आणि मापाचे हातमोजे मागच्या खोलीत नेऊन ठेवले. दवाखाना मला चालवायला दिला. मला वाटलं, आता त्या वर घरी विश्रांती घेतील. कशाच्या! रोज खाली यायच्या. पेशंटशी गप्पा मारायच्या, माझ्या खांद्यावरून वाकून बघायच्या, आणि मागच्या खोलीत तेच. आता तर पेचकस मला धरायला लावायच्या. “तो नाही, त्याच्या बाजूचा. उलटा नको फिरवू. दाताचे डॉक्टर ना तुम्ही? इतकं नाही दिसत?” पेशंट बाहेर बसलेला, आणि मी टेबलाखाली.

शेवटी त्यांची मुलगी रेवती पुण्याहून त्यांना न्यायला आली. हाताचं औषध सुरू होतं, थोडा फरकही होता, पण एकटीने गॅस पेटवणं अवघड झालं होतं. ताई जायला तयार झाल्या ते एका अटीवर: कॉम्प्युटर बरोबर येणार.

“मम्मी, वहाँ सब मिलता है. मैं तुमको अच्छा वाला लैपटॉप दिला दूँगी,” रेवती म्हणाली. ती मराठी समजायची, पण बोलायची हिंदीतच.

“तो तू वापर.”

“पार्सल कर देते हैं फिर.”

“पार्सलवाले आपटतात.”

विमानात तो डबा हातात घेऊन बसू देणार नाहीत म्हणून ताईंनी विमान रद्द केलं. आगगाडीची तिकिटं काढली. रेवती माझ्याकडे असं बघत होती की जणू ही सगळी फूस माझी. मी तिला खुणेनेच सांगितलं, आता तुझी पाळी.

स्टेशनवर मी, नवरा आणि दुलारी पोचवायला गेलो. हमालाने डबा उचलायला हात घातला तर ताई त्याच्यावर ओरडल्या, आणि शेवटी माझा नवरा तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून जिना चढला आणि उतरला. गाडीत त्यांनी डबा खालच्या बर्थवर, खिडकीशी ठेवायला लावला. रेवतीचं सामान पायाशी, रेवती कोपऱ्यात अंग चोरून. समोरच्या बर्थवर एक गृहस्थ होते, नागपूरला उतरणारे. त्यांनी डब्याकडे बोट करून विचारलं असणार, “माताजी, इसमें क्या है?”

आम्ही फलाटावर उभे होतो. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण ऐकायची गरजही नव्हती. ताई सरळ झाल्या. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पर्समधून पेचकस काढला आणि कॅबिनेटच्या बाजूला लावला.

“हे देवा,” मी म्हणाले.

रेवतीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ताईंचा हात कापत होता, हे बाहेरूनही दिसत होतं. गृहस्थांनी पुढे होऊन त्यांच्या हातातला पेचकस घेतला आणि त्या दाखवतील तिथे फिरवायला लागले. एक स्क्रू निघाला आणि खाली पडला. ते वाकले. त्यांच्या शेजारचा वाकला. वरच्या बर्थवरून एक बाई मोबाइलचा उजेड घेऊन उतरल्या आणि त्याही वाकल्या. शेवटी रेवतीसुद्धा खाली बसली.

गाडी हलली. दुलारी हात हलवत होती, मीही हलवला, पण आमच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. खिडकीत सगळ्यांच्या वाकलेल्या पाठी तेवढ्या दिसत होत्या, आणि त्यांच्या मध्ये निर्मलताई एकट्याच ताठ बसलेल्या, थरथरणारं बोट बर्थच्या खाली रोखून, तिथे नाही, पलीकडे, असं सांगत.